तोंडाला वास येतो? या चुका टाळा

तोंडाच्या दुर्गंधीवर बडीशेप, वेलची किंवा लवंग चघळणे ही आपल्याकडची सर्वांत रुळलेली चूक आहे, कारण त्याने वास घटकाभर झाकला जातो आणि मूळ कारण तसेच राहते. हे कारण बहुतेकांच्या पोटात नसून तोंडातच असते. जिभेच्या मागच्या भागावर साचलेल्या पिवळसर थरात आणि हिरड्यांच्या कपारीत वाढणारे जीवाणू प्रथिने कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू सुटतात. म्हणून ‘पोट साफ नाही’ असे परस्पर ठरवून महिनोन्‌महिने चूर्ण घेत राहू नये. जीभ रोज मागपर्यंत हलक्या हाताने घासावी आणि दातांच्या फटीत अडकलेले शेंगाचटणीचे कण टाचणीने न कोरता फ्लॉसच्या दोऱ्याने काढावेत.

याहून घातक चूक म्हणजे हिरड्यांतून रक्त येताच ब्रश सोडून मिश्री लावणे. रक्त येणे हे हिरड्या सुजल्याचे लक्षण असून तेथे मऊ ब्रशने अधिक काळजीपूर्वक स्वच्छता हवी. मिश्रीने दात घट्ट होतात हा समज सोलापुरात घरोघरी ऐकू येतो, पण ती भाजलेली तंबाखूच आहे आणि तिने हिरड्यांचे नुकसान होते, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. बिडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे त्यांचा आजार बराच काळ लपून राहतो. दंतवैद्याकडून दात साफ करून घेतले की ते हलू लागतात, ही भीतीही निराधार आहे. किटण निघाल्यावर आधीच झालेली झीज केवळ उघडी पडते.

पारा 40 अंशांपुढे जाणाऱ्या इथल्या उन्हाळ्यात पाणी कमी प्यायल्यास लाळ आटते आणि वास वाढतो. रक्तदाबाच्या किंवा अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही तोंड कोरडे पडते. त्या मनाने बंद न करता डॉक्टरांना सांगावे.

दात स्वच्छ असूनही वास टिकला, तर टॉन्सिल, सायनस आणि रक्तातील साखर तपासावी. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना बळ देतात. मधुमेही व्यक्तीच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास येऊन सोबत उलट्या, धाप किंवा गुंगी असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ ‘सिव्हिल’ किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.