साथ आली, बालवाडी बंद झाली: ताईंनी काय करायचं

बंदीची सूचना आली की तक्ते-खेळणी आवरण्याआधी पट हातात घ्या. प्रत्येक मुलापुढे दोन फोन नंबर हवेत: एक घरचा, दुसरा शेजाऱ्याचा किंवा घरमालकाचा. नवी मुंबई-ठाण्याकडच्या दिघा, तुर्भे स्टोअर किंवा कळव्याच्या चाळीत एका नंबरावर विसंबू नका. काम थांबलं की सगळ्यात आधी फोनचं २८ दिवसांचं रिचार्ज करायचं राहून जातं. फोन दिवसा कोणाकडे असतो, मुलाजवळ कोण असतं, कुटुंब गावी जाणार आहे का, हेही लिहा. २०२० च्या टाळेबंदीत मजुरांची कुटुंबं मोठ्या संख्येने गावी निघाली. अशा वेळी गाव आणि तालुका लिहिलेला असेल, तर तिथल्या अंगणवाडीत नाव घालायला पालकांना सांगता येतं.

ऑनलाइन वर्गाचा मोह टाळा. जागतिक आरोग्य संघटना दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून जास्त पडदा नको म्हणते, आणि तीन वर्षांचं मूल चौकटीतल्या ताईशी खेळत नाही, ते चौकटीला बोट लावतं. फोन आईसाठी वापरा. रात्री आठनंतर, म्हणजे बाबा एमआयडीसीतून फोन घेऊन परतल्यावर, साधारण एक मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा. व्हिडिओने डेटा संपतो. एका निरोपात एकच खेळ. आठवड्यातून एकदा दहा मिनिटं फोन करा आणि ‘अभ्यास झाला का’ असं न विचारता ‘आज काय काय बोलला’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे ‘हो’ म्हणतात.

खेळ निवडताना घर डोळ्यांपुढे आणा. दहा बाय दहाची खोली, रात्रपाळी करून झोपलेले बाबा. तिथे ‘उड्या मारा’ चालत नाही. कपड्यांचे चिमटे रंगाप्रमाणे लावणं, वाट्या लहान-मोठ्या रचणं, कणकेचे गोळे, पोळीच्या घड्या मोजणं, हे आवाज न करता होतं. कडधान्य निवडण्याचा खेळ तीन वर्षांखालच्यांना देऊ नका. वाटाणा थेट नाकात जातो. घरी द्यायच्या पिशवीत जाड खडू, पाटी-पेन्सिल आणि पाठकोरे दहा कागद पुरेत. गिरवायच्या कागदांचा गठ्ठा दिलात तर तो मोठी बहीण पूर्ण करते.

अंगणवाडीत गरम आहार थांबून कोरडा शिधा घरी जाऊ लागला की तो सगळ्या घराचा होतो. हिशोब एका मुलाचा असतो, पण ताटं पाच. आईला भांडून उपयोग नाही. त्यापेक्षा दंडघेराची पट्टी तिच्याच हातात द्या. डावा हात सैल सोडलेला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, बाही वर सारून मोजायचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या आत मध्यम. पट्टी ओढून आवळली तर घेर कमी भरतो आणि उगाच घबराट होते. सैल ठेवली तर खरं आजारी मूल सुटतं. दोन्ही पावलांवर सूज दिसली तर आकडा काहीही असो, मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यायला सांगा.

पुन्हा उघडताना स्वच्छतेत एक चूक हमखास होते: धूळ न धुताच जंतुनाशक ओतलं जातं. मळ क्लोरीन खाऊन टाकतो. आधी साबणाने धुवा, मग ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट २० मिलिलिटर, वर पाणी घालून एक लिटर करा. दहा मिनिटं ओलं राहू द्या. द्रावण रोज नवं करा, हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा, आणि संडास साफ करायच्या आम्लात चुकूनही मिसळू नका. विषारी वायू होतो. मुलांवर फवारायचं तर नाहीच. तोंडात जाणारी खेळणी नंतर साध्या पाण्याने धुवा. ठाण्याच्या पावसाळ्यात कापडी बाहुल्या वाळत नाहीत, त्या सरळ कपाटात ठेवा.

पाच वर्षांखालच्या मुलांना मास्क लावायचा नाही. ताईचा मास्क मात्र ओठ झाकतो आणि नव्याने बोलू लागलेल्या मुलाला शब्द ओठांवरूनही कळतात. म्हणून गाणी-गोष्टी अंगणात, अंतर ठेवून, शक्य तिथे मास्क उतरवून घ्या. पहिले दोन आठवडे दहा-बारा मुलांचे गट, दोन-दोन तास. मोठ्या बंदीनंतर तीन वर्षांचं मूल पहिल्यांदाच परक्या मोठ्या माणसाकडे येतं, त्यामुळे रडणं लांबतं. आईला आत बसू द्या, रोज दहा मिनिटं कमी करत.

साथीच्या सर्वेक्षणाची कामं त्याच काळात अंगावर येतात. घरोघर फिरायचं असेल तर मुलांच्या भेटी आधी, सर्वेक्षण नंतर. उलट केलंत तर आजार तुम्हीच घरोघर न्याल.

प्रवेशाच्या वेळी लसीकरणाचं कार्ड मागा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. साथीत हेच डोस राहून जातात. २०२२ च्या अखेरीस मुंबई आणि भिवंडीत गोवर उसळला होता. दुसरा डोस कोरा दिसला तर प्रवेश नाकारू नका. जवळच्या नागरी आरोग्य केंद्राचा लसीकरणाचा वार कार्डावरच पेन्सिलीने लिहून द्या आणि पुढच्या आठवड्यात कार्ड पुन्हा बघा.