पोहण्याचा पूल, हॉट टब आणि छोटा हीट पंप : या चुका टाळा

डिसेंबर लागला की लोणावळा, पवना, पाचगणीकडून फोन सुरू होतात. मशीन चालू आहे, पंखा फिरतोय, मीटर पळतंय, पाणी मात्र गार. जाऊन बघावं तर मशीनमध्ये बहुतेक वेळा काहीच बिघाड नसतो. गॅस व्यवस्थित, कॉम्प्रेसर ठणठणीत. घोळ झालेला असतो तो मशीन घेण्याआधी, नाहीतर बसवायच्या दिवशी. आणि घोळ तरी नवे करावेत लोकांनी! तेच ते पाच-सात. म्हणून एकदा लिहून काढतोय; पुढच्या वेळी फोनवर घसा कोरडा करण्यापेक्षा हेच पाठवून देईन.

हीट पंपात गीझरसारखी तापणारी कॉइल नसते. तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. वीज लागते ती कॉम्प्रेसर आणि पंख्यापुरती, म्हणून एक युनिट विजेवर चार-पाच युनिट उष्णता पदरात पडते. याच गुणोत्तराला सीओपी म्हणतात. एवढं नीट समजलं तर खालच्या निम्म्या चुका होणारच नाहीत.

पंपरूममध्ये कोंडलेलं मशीन

ही माझी सगळ्यात नावडती चूक. पवनेच्या बाजूला एक बंगला आहे. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद पूल, सरासरी खोली १.२ मीटर. मालकांनी नऊ किलोवॅटचं चांगलं मशीन घेतलं आणि आर्किटेक्टने ते डेकखालच्या पंपरूममध्ये बसवून घेतलं, कारण बागेत 'एसीचा डबा' दिसायला नको. खोली साधारण तीन बाय दोनची, उंची जेमतेम, हवेला म्हणून एक जाळीची खिडकी. पाणी चोवीस डिग्रीच्या वर सरकेना. कंपनीचा माणूस येऊन गॅस तपासून गेला. दुसऱ्या एकाने सांगितलं, मशीन लहान पडतंय, दुप्पट क्षमतेचं घ्या. त्याचं कोटेशन मालकांच्या टेबलावर होतं तेव्हा मला बोलावणं आलं.

दार उघडलं आणि अंगावर काटा आला. बाहेर वीसच्या आसपास, आत आठ डिग्री. मशीनच्या पत्र्यांवर, म्हणजे हवेतली उष्णता ओढणाऱ्या पातळ पट्ट्यांवर, बर्फाचा थर. मशीन थोडा वेळ चालायचं, बर्फ साचला की उलटं फिरून तो वितळवायचं आणि पुन्हा सुरू व्हायचं. म्हणजे पुलातली उष्णता परत घेऊन बर्फ वितळवण्याचा उद्योग दिवसभर चालला होता.

हिशेब करून बघा. नऊ किलोवॅट उष्णता देणारं मशीन सीओपी पाच धरला तर त्यातली सुमारे सात किलोवॅट हवेतून घेतं. त्या खोलीत मावणारी हवा १३ घनमीटर, म्हणजे जेमतेम सोळा किलो. नवी हवा आली नाही तर ती दर दोन-सव्वादोन सेकंदांना एक डिग्रीने थंड होते. भिंती आणि ती जाळी थोडा धीर देतात, पण किती? पंख्यातून बाहेर पडलेली गार हवाच मशीन पुन्हा पुन्हा गिळत राहतं.

आम्ही तेच मशीन उचलून कुंपणाच्या कडेला मोकळ्यावर नेलं, पाइप वाढवला, त्यावर इन्शुलेशन चढवलं आणि समोर मेंदीची रांग लावली. तीही दोन मीटर अंतर सोडून. पाणी तापलं. दुप्पट मशीनचं कोटेशन रद्दीत गेलं. ते मशीन त्याच खोलीत बसलं असतं तर बर्फ दुप्पट वेगाने धरला असता, दुसरं काही नाही.

माझा नियम असा : पंखा जिकडे हवा फेकतो तिकडे दोन-अडीच मीटर मोकळं, मागे किमान फूटभर, आणि डोक्यावर छप्पर असलंच तर ते उंच. मशीन पावसात भिजायलाच बनवलेलं असतं. त्याच्यावर प्रेमाने पत्र्याची पेटी करू नका.

शुक्रवारी रात्रीची घाई

आता दुसरी चूक, आणि ही मशीनची नसून माणसांची आहे. आठवडाभर सगळं बंद. शुक्रवारी मुंबईहून निघताना वॉचमनला फोन : 'अरे, पूल लाव गरम करायला, सकाळी पोरं उतरणार आहेत.' सकाळी पाणी बावीस, आणि शिव्या मशीनला.

एक हजार लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला १.१६ युनिट उष्णता लागते. हा निसर्गाचा दर आहे, त्यात घासाघीस चालत नाही. वरच्याच मापाच्या पुलात ३८,४०० लिटर पाणी बसतं. म्हणजे एका डिग्रीला सुमारे ४५ युनिट. विसावरून अठ्ठावीसवर न्यायचं तर आठ डिग्री, साधारण ३५७ युनिट. नऊ किलोवॅटचं मशीन तासाला नऊ युनिट देतं, म्हणजे त्याला सलग चाळीस तास, आणि तेही एक थेंबभर उष्णता वाया न जाता. प्रत्यक्षात ती वाया जाणारच, म्हणून पहिल्या तापवणीला तीन-चार दिवस धरा. सेटिंग अठ्ठावीसऐवजी चाळीसवर ठेवलं तर पाणी लवकर तापतं, असा एक समज घट्ट रुजलाय. तापत नाही. मशीन आपल्याच वेगाने चालतं. फक्त अठ्ठाविसाला थांबत नाही आणि बिल वाढवत बसतं. ज्यांना स्विच दाबताच फळ हवं असतं त्यांनी या भानगडीत पडू नये.

याच घाईतून कव्हर राहून जातं. मशीनवर लाख-दीड लाख घालायची तयारी असते, पण बबलचं कव्हर म्हटलं की 'ते कोण रोज काढणार-घालणार?' ऐका. पुलातली सर्वात जास्त उष्णता जाते ती बाष्पीभवनाने. एक लिटर पाणी उडून गेलं की सोबत सुमारे ०.६८ युनिट उष्णता नेतं. बत्तीस चौरस मीटरच्या पुलाची पातळी वाऱ्याने नुसती चार मिलिमीटर उतरली, तर १२८ लिटर पाणी गेलं आणि त्याबरोबर जवळपास ८७ युनिट. नऊ किलोवॅटच्या मशीनची दहा तासांची कमाई ती! डोळ्यांना मात्र चार मिलिमीटरसुद्धा दिसत नाहीत, पूल कालच्यासारखाच भरलेला वाटतो. थंडीतली कोरडी हवा आणि घाटमाथ्यावरचा वारा असेल तर विचारूच नका.

म्हणून माझ्याकडे मशीन विचारायला येणाऱ्याला मी आधी कव्हर घ्यायला सांगतो. मग रोज संध्याकाळी झाकताना आणि सकाळी उघडताना पाण्याचं तापमान वहीत लिहायला लावतो, आठवडाभर तरी. साधा तरंगता थर्मामीटर पुरतो. निम्मे लोक वही बघून परत येत नाहीत. जे येतात त्यांचं मशीन नीट निवडलं जातं. यात एक मेख आहे. न तापवलेल्या पाण्याची रात्रीची घट कमीच दिसते, अठ्ठावीसवर ठेवल्यावर ती वाढते. तेव्हा समजा, तापलेल्या पुलाची रात्री दीड डिग्री घट धरली, तर रोज ६७ युनिट भरून काढायची. आठ तासांत भरायची तर साडेआठ किलोवॅट हवेत, आणि ते थंडीतले खरे साडेआठ हवेत.

कॅटलॉगमधले आकडे

खरे म्हणायचं कारण हे. कॅटलॉगच्या पहिल्या ओळीत जो आकडा छापतात तो बहुधा हवा २६-२७ डिग्री, पाणी २६ आणि आर्द्रता ८० टक्के असताना मिळणारा असतो. असं हवामान आपल्याकडे असतं तेव्हा पूल तापवायची गरजच नसते. खाली बारीक अक्षरात हवा १५ डिग्रीची ओळ असते. ती वाचा. तिथे क्षमता चांगलीच घसरलेली दिसेल. मी त्याच ओळीवरून मशीन ठरवतो. ती ओळ छापलेलीच नसेल तर ते कॅटलॉग बाजूला ठेवतो.

'सीओपी पंधरा' वगैरे जाहिराती इन्व्हर्टर मशीनच्या, म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या मशीनच्या असतात. आकडा खोटा नसतो, पण तो कॉम्प्रेसर अगदी हळू चालत असतानाचा असतो. इन्व्हर्टर घ्यावा का? घ्यावा. आवाज कमी, सुरू होताना झटका कमी, आणि गावाकडच्या व्होल्टेजला तेवढंच बरं. फक्त पंधराच्या भरवशावर बिलाचा हिशेब मांडू नका, चार-पाचवर मांडा.

दुकानदार एचपी किंवा टनात बोलायला लागला तर त्याला किलोवॅटवर आणा. आणि विचारा, हे विजेचे किलोवॅट की उष्णतेचे? दीड टनाचा एसी बेडरूमला पुरतो म्हणून दीड टनाचा हीट पंप पुलाला पुरेल, असं मला एका सिव्हिल इंजिनिअरने ऐकवलं आहे. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचे सव्वापाच. पुढचं गणित वर करून दिलेलं आहे.

आंघोळीच्या पाण्याचा हीट पंप पुलाला जोडणे

हॉटेल-हॉस्टेलच्या आंघोळीचं पाणी साठ डिग्रीला नेणारे हीट पंप वेगळे असतात. ते स्वस्तात मिळाले म्हणून पुलाला जोडणारे महाभाग आहेत. क्लोरीनच्या पाण्याला टायटॅनियमचा एक्स्चेंजर (उष्णता पाण्यात सोडणारा भाग) लागतो. तांब्याचा असेल तर क्लोरीन तो खातं आणि पाण्यावर हिरवट छटा येते. मग सगळे जण शेवाळं मारायचं औषध ओतत बसतात.

टायटॅनियम आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. क्लोरीनच्या गोळ्या स्किमरमध्ये (पुलाच्या कडेला वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडात) टाकायची वाईट खोड सगळीकडे आहे. रात्री पंप बंद झाला की तिथलं तीव्र आम्लधर्मी पाणी पाइपात आणि फिल्टरमध्ये मुरत बसतं. क्रम असा ठेवा : पंप, फिल्टर, हीट पंप आणि सगळ्यात शेवटी क्लोरिनेटर. पीएच ७.२ ते ७.६. बोअरचं जड पाणी असेल तर एक्स्चेंजरमध्ये क्षार धरतात, वर्षातून एकदा तो साफ करून घ्या.

हॉट टबवाल्यांसाठी थोडं वेगळं

टबमध्ये पाणी हजार-दीड हजार लिटर, पण ते हवं ३८-४० डिग्री. काही मशीन तिथवर जातच नाहीत, तेव्हा कमाल तापमान आधी बघा. पाणी जितकं गरम तितका सीओपी खाली. कॅटलॉगमधला आकडा २६ डिग्रीच्या पाण्याचा होता, हे विसरू नका. बाराशे लिटर विसावरून एकोणचाळीसवर न्यायला सुमारे २७ युनिट उष्णता लागते. पाच किलोवॅटचं मशीन झाकण लावून सहा-सात तासांत ते करतं. झाकण बाजूला ठेवून, वर हवेचे बुडबुडे सोडून 'तापतंय का बघू' म्हणत बसलात तर गार हवा पाण्यात सोडून तुम्हीच ते निववत आहात. बुडबुडे आत बसल्यावर सुरू करा.

टबचा पंप लहान असतो आणि हीट पंपाला ठरावीक प्रवाह लागतो. दोन्हींचे ताशी लिटर जुळवून मगच पैसे द्या. चाळीसच्या वर तापमान नेऊ नका. लहान मुलं आणि गरोदर बायकांच्या बाबतीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय तर नाहीच.

उरलेल्या, भराभर

फिल्टरचा टायमर चार तासांचा आणि तक्रार हीट पंपाची. पाणी फिरत नसेल तर हीट पंप थांबतो, टायमर वाढवा. आणि शक्यतो दुपारी चालवा : पाचगणीत जानेवारीत दुपारची हवा आणि पहाटेची हवा यांत केवढा फरक असतो! छपरावर सोलर असेल तर उत्तमच.

फ्लोचा, म्हणजे पाण्याचा प्रवाह कमी असल्याचा एरर आला की आधी बॅकवॉश करा (फिल्टरमधून उलटं पाणी सोडून तो धुवा), स्किमरची टोपली बघा. मेकॅनिकला नंतर बोलवा.

बायपासचे, म्हणजे मशीन वगळून पाणी वळवणारे तीन व्हॉल्व्ह खर्च वाचवायला गाळले जातात. मग मशीन दुरुस्तीला काढलं की पूल बंद.

मशीनखाली पाणी साचलं म्हणजे गळती, असं नाही. गार पत्र्यांवर हवेतली वाफ जमून ठिबकते, पावसाळ्यात बादली भरेल इतकी. मशीन बंद करून नुसता पाण्याचा पंप चालू ठेवा. ठिबक थांबली तर गळती नाही.

एक्स्टेंशन बोर्डवर हीट पंप चालवणाऱ्याकडे मी काम घेत नाही. वेगळी लाइन, लांबीच्या हिशेबाने केबल, ३० मिलिअँपचं आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) आणि खरोखरचं अर्थिंग. ओल्या पायांचा मामला आहे. महावितरणकडचा मंजूर भार पुरतो का तेही बघून घ्या. पंप, गीझर, एसी आणि हे मशीन एकत्र लागलं की शनिवारी संध्याकाळी मेन ट्रिप होतो.

अलिबाग, मुरूड किंवा गोव्यात समुद्राच्या अंगाला घर असेल तर कोटिंग केलेल्या पत्र्यांचं मशीन घ्या आणि माळ्याला पंधरवड्यातून एकदा गोड्या पाण्याने पत्रे धुवायला सांगा, पाइपने, हलक्या हाताने. प्रेशर वॉशरने ते वाकतात आणि हवेची वाट बंद होते.

मार्च ते मे मशीन बंदच राहणार. तेव्हा मेन स्विच बंद करा आणि केबल आत शिरते ती भोकं सील करून ठेवा. पाल किंवा मुंग्या आत शिरून सर्किट बोर्ड जाळतात, वॉरंटीत ते धरत नाहीत, आणि नवा बोर्ड यायला नेमका डिसेंबर उजाडतो.