उंच आरपीएमची मॅन्युअल स्पोर्ट्स कार हिसके न देता कशी चालवावी

मॅन्युअल गाडी वर्षानुवर्षं चालवलेला माणूसही अशा गाडीत पहिल्या दिवशी सिग्नलवर इंजिन बंद पाडतो आणि दुसरा गिअर टाकताना शेजारी बसलेल्याची मान हलवतो. मग सगळे डाव्या पायाला दोष देतात: ‘क्लच हळू सोड.’ माझं मत वेगळं आहे. गाडी गुळगुळीत चालते ती उजव्या पायामुळे. इंजिनाचा वेग आणि त्या गिअरला हवा असलेला वेग जुळला, तर क्लच भराभर सोडला तरी धक्का बसत नाही. जुळला नसेल, तर क्लच हळू सोडून तुम्ही तो फरक प्लेट घासून भरून काढता, एवढंच. धावत्या माणसाच्या हातात हात द्यायचा तर आधी त्याच्या वेगाने धावावं लागतं, तसंच हे आहे.

आधी इंजिनाचा स्वभाव ओळखा

उदाहरणाला होंडाची एस२००० घेऊ. १९९९ साली आलेल्या या गाडीचं दोन लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन ९,००० आरपीएमपर्यंत, म्हणजे मिनिटाला ९,००० फेऱ्यांपर्यंत, फिरायचं. जपानी आवृत्तीत २५० पीएस (अश्वशक्तीचं माप) ताकद मिळायची, पण ती ८,३०० आरपीएमला. टॉर्कचा, म्हणजे ओढण्याच्या जोराचा, कळससुद्धा ७,५०० ला. साधारण ६,००० च्या आसपास व्हीटेक, म्हणजे वाल्व्हची उघडझाप बदलणारी होंडाची यंत्रणा, कॅमशाफ्टच्या (वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मोठ्या उंचवट्यांवर जायची आणि गाडीचा आवाजच बदलायचा. त्याखाली मात्र ती एखाद्या साध्या गाडीसारखीच ओढायची.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवा. खालच्या आरपीएमला जोर कमी, त्यामुळे सुटताना डिझेल गाडीसारखं नुसत्या क्लचवर निघता येत नाही. आणि अशा इंजिनांचं फ्लायव्हील (इंजिनाला जोडलेलं जड चाक) सहसा हलकं असतं, म्हणून रेस झटकन चढते आणि पाऊल उचललं की तितक्याच झटकन उतरते. चूक सावरायला वेळच मिळत नाही.

बसण्याची जागा

क्लच तळापर्यंत दाबल्यावरही डावा गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट पुढे घ्या. पातळ तळव्याचे बूट घाला. जाड तळव्याच्या बुटात ॲक्सिलरेटरची पहिली दोन-तीन मिलिमीटर हालचाल कळतच नाही, आणि या गाडीत सगळा खेळ तिथेच आहे.

जागेवरून सुटणं

सपाट, मोकळ्या जागेत सुरुवात करा. आधी ॲक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, क्लच अगदी सावकाश सोडा. गाडी सरकायला लागते ती जागा पायाला पाठ होईपर्यंत हेच करत राहा. मग आरपीएमचा काटा १,५०० च्या जवळपास नेऊन तिथे *स्थिर* धरा. रेस वरखाली होत असताना क्लच सोडू नका. काटा थांबला की डावा पाय त्या जागेपर्यंत आणा, गाडी हलली की क्षणभर तिथेच धरा आणि मगच पूर्ण सोडा. मोठी रेस देऊन हाफ क्लचवर निघण्याची सवय लागली तर प्लेट लवकर संपते.

वरचा गिअर

आता थोडं गणित. एस२०००च्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.१३३, दुसऱ्याचं २.०४५ आणि तिसऱ्याचं १.४८१ होतं. म्हणजे पहिल्यात ४,००० आरपीएम असताना दुसरा टाकला, तर त्याच वेगाला इंजिन साधारण २,६०० वर हवं. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ४,००० चे २,९०० होतात. पहिल्या दोन गिअरमधली दरी सर्वात मोठी असते, म्हणून नवख्याला सर्वाधिक हिसका तिथेच बसतो. तुमच्या गाडीची गुणोत्तरं तिच्या पुस्तिकेत असतात. एकदा कागदावर मांडून पाहा, काटा कुठे उतरायला हवा हे डोळ्यांना कळू लागतं.

कृती अशी: ॲक्सिलरेटर सोडणं आणि क्लच दाबणं एकाच वेळी. आधी पाऊल उचललं तर गाडी नाक खाली घालते, उशीर झाला तर इंजिन किंचाळतं. गिअरची दांडी बोटांनी न्या, मूठ आवळू नका. काटा हव्या जागी पोचला की क्लच सोडा. रेस फार लवकर खाली गेली असेल, तर क्लच सोडायच्या आधी ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श करा.

आणि हिसका बसलाच, तर तो कोणत्या दिशेला बसला ते बघा. शरीर पुढे गेलं, म्हणजे रेस कमी होती. पाठ सीटला चिकटली, म्हणजे जास्त होती. दुसरा कुठलाही शिक्षक इतक्या लगेच चूक दाखवत नाही.

खालचा गिअर

इथेच खरी मजा आहे. तिसऱ्यात ४,००० वर असताना दुसरा हवा असेल, तर इंजिनाला सुमारे ५,५०० वर आणावं लागतं. तेवढं न करता क्लच सोडला तर ते काम चाकांना करावं लागतं; मागच्या चाकांवर चालणारी गाडी ओल्या रस्त्यावर तेवढ्यानेही शेपूट हलवू शकते.

म्हणून क्लच दाबा, दांडी खालच्या गिअरकडे न्या, आणि नेता नेता ॲक्सिलरेटरला एक छोटा, ठसठशीत ठोका द्या. काटा वर जाऊन उतरायला लागतो तेव्हा क्लच सोडा. सुरुवातीला सगळेच ठोका फार हळुवार देतात. हलक्या फ्लायव्हीलच्या इंजिनाला पायाचा कमी प्रवास पुरतो, पण झटका हवा. डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी क्लच दोनदा दाबणं, शिकायची गरज नाही. सिंक्रोमेश (गिअरचे वेग आपोआप जुळवणारी रचना) असलेल्या धडधाकट गिअरबॉक्सला ते लागत नाही. शिकायची हौस असेल तर वेगळी गोष्ट.

हे चौथ्यातून तिसऱ्यात नीट जमू लागलं की मग हील-अँड-टो, म्हणजे ब्रेक दाबलेला ठेवून त्याच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला ठोका देणं. पावलाचा पुढचा भाग ब्रेकच्या उजव्या कडेवर, आणि घोटा वळवून बाहेरची कड ॲक्सिलरेटरवर. नाव काहीही असो, टाच वापरायलाच हवी असं नाही. आधी इंजिन बंद ठेवून पायाला वळण लावा, मग रिकाम्या जागेत. ब्रेकवरचा दाब ठोक्याच्या वेळी बदलता कामा नये, आणि नवख्याचा तो हमखास बदलतो. हळू ब्रेक लावताना हे जमत नाही म्हणून निराश होऊ नका: बऱ्याच गाड्यांत ब्रेक बऱ्यापैकी दाबल्याशिवाय दोन पेडल एका पातळीला येतच नाहीत. गर्दीत याचा हट्ट धरू नका.

लाल रेषेजवळ

आधी ऑइल गरम होऊ द्या. पाण्याचा काटा मध्यावर आला तरी ऑइल अजून थंड असतं. तोवर ३,५०० च्या वर जाऊ नका. नंतर मात्र इंजिनाला घाबरू नका. ते लाल रेषेजवळ, म्हणजे आरपीएमच्या कमाल मर्यादेपाशी, फिरण्यासाठीच बनवलं आहे. फक्त जागा योग्य हवी. एस२००० दुसऱ्या गिअरमध्येच ताशी १०० किलोमीटर ओलांडते, त्यामुळे पूर्ण ताकद सर्किटवरच वापरा.

इंजिनाला त्या मर्यादेपलीकडे जाऊ न देणारा रेव्ह लिमिटर तुम्हाला सगळ्यापासून वाचवत नाही. तो इंधन तोडतो. चाकांनी इंजिनाला फरफटत फिरवलं तर त्याच्या हातात काही नसतं. तिसऱ्यात ८,५०० असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर इंजिन ११,७०० कडे ओढलं जातं. वाल्व्ह पिस्टनला धडकून वाकतात, आणि पुढचा खर्च इंजिनाचा असतो. दांडी सरळ मागे ओढा, डावीकडे नको. घाई असेल तेव्हा तर मुळीच जोर लावू नका, गिअरबॉक्सच्या स्प्रिंगा दांडीला मधल्या रांगेत आपोआप आणतात.

वळणावर

उंच आरपीएमला खालच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर एकदम सोडला की इंजिन जोरात ब्रेक लावतं. सरळ रस्त्यावर याने फक्त प्रवासी वैतागतो. वळणात मात्र वजन पुढे जातं आणि मागचे टायर पकड सोडू शकतात. म्हणून ब्रेक, ठोका, गिअर, क्लच हे सगळं वळणाच्या आधी उरका. वळणात शिरताना क्लच पूर्ण सुटलेला असावा आणि ॲक्सिलरेटर किंचित दाबलेला. स्टिअरिंग जसजसं सरळ होईल तसा पाय वाढवा. पाऊस असेल तर एक गिअर वरचा घ्या. दुसऱ्यात जे वळण घेता ते तिसऱ्यात घ्या. पायाच्या चुकीचा हिसका चाकांपर्यंत कमी पोचतो.