गोल करवत शिकताना आधी फळीखाली बघा

ड्रिल, जिगसॉ आणि सँडर हाताळून झाले की पुढची खरेदी बहुतेकांची ठरलेली असते: सात इंची गोल करवत, म्हणजे सर्क्युलर सॉ. पात्यात बोट जाईल या भीतीने नवशिक्यांचं सगळं लक्ष हातांवर असतं. ते हवंच. पण करवत उसळते तेव्हा कारण अनेकदा फळीच्या खाली असतं, आणि तिथे कुणी बघत नाही.

दोन स्टुलांवर प्लाय आडवा टाकून मधोमध कापायला घेऊ नका. कधीच नाही. १८ मिली (मिलीमीटर) जाडीचा, आठ बाय चार फुटांचा प्लाय साधारण तीस किलो भरतो. दोन्ही टोकांना आधार, मध्ये पोकळी. काप अर्ध्यावर येईपर्यंत पुढचं अखंड लाकूड वजन पेलत असतं, म्हणून सगळं सुरळीत वाटतं. पुढे प्लाय मध्ये झोळतो आणि कापाच्या वरच्या कडा एकमेकींकडे झुकतात. कापाची रुंदी असते जेमतेम दोन-अडीच मिली, पात्याची चकती त्याहून किंचित पातळ. तेवढी फट मिटली की पातं चिमटीत सापडतं. मोटरचा जोर मग लाकडावर न लागता मशीनवरच उलटतो, ते कापातून वर चढतं आणि तुमच्याकडे मागे झेपावतं. हे इतक्या झटक्यात होतं की मनगटाच्या ताकदीवर ते थोपवता येत नाही. ‘घट्ट धरलं की झालं’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

प्लाय सरळ जमिनीवर घ्या. खाली दोन इंची चार पट्ट्या, कापाच्या रेघेला समांतर: रेघेपासून तीन-चार इंचांवर दोन्ही बाजूंना एकेक आणि बाहेरच्या कडांजवळ एकेक. मशीन चालू करण्याआधी मनातल्या मनात प्लायचे दोन तुकडे करून बघा. काप संपल्यावर दोन्ही तुकडे आपापल्या दोन पट्ट्यांवर जागच्या जागी राहतील का? एखादा कलंडणार असेल तर पट्टी हलवा. पट्ट्या नसतील तर ५० मिली जाडीचा थर्माकोल अंथरा. पातं त्यात दोन-तीन मिली घुसलं तरी बिघडत नाही, आणि आधार सलग मिळतो.

पात्याची खोली प्लायच्या जाडीपेक्षा तीनच मिली जास्त ठेवा, म्हणजे १८ मिलीसाठी २१. पातं पूर्ण खाली सोडलं की त्याचा जास्त भाग लाकडात गाडला जातो आणि अडकण्याची शक्यता वाढते. खोली लावताना, पातं बदलताना प्लग काढलेला हवा; नुसतं बटण बंद असणं पुरेसं नाही. उभं राहायचं ते करवतीच्या रेषेत नाही, एका बाजूला.

सागासारख्या अखंड लाकडात आधार चोख असूनही काप मिटू शकतो, कारण लाकडात दबलेला ताण कापताना सुटतो. लांब फळी उभी चिरताना फूट-दीड फूट गेल्यावर मशीन थांबवा, कापात पातळ पाचर बसवा आणि मग पुढे जा. फळी सरळ दिसते म्हणून हे टाळू नका.

काप मिटू लागला की मशीन आधी सांगतं. आवाज जड होतो, जळका वास येतो, कापाची कड तपकिरी पडते. त्या क्षणी पुढे रेटू नका आणि चालू मशीन मागेही ओढू नका. मागे ओढतानाच ते उसळतं. बटण सोडा, पातं पूर्ण थांबू द्या, मगच उचला. पुन्हा सुरू करताना दात लाकडाला टेकलेले नसावेत.

आता गुरूंबद्दल. वर्षानुवर्षं काम केलेल्या मिस्त्रींकडून लाकडाची पारख, गुण्याचा वापर, सांधे जरूर शिका. पण जो खालचं गार्ड (पात्याचे दात झाकणारं, आपोआप मिटणारं झाकण) तारेने वर बांधून ठेवतो, त्याच्याकडून करवत शिकू नका. काम सुरू करण्याआधी ते गार्ड हाताने मागे घेऊन सोडा. ते टचकन बंद झालं पाहिजे. भुसा, डिंक अडकून रेंगाळत असेल तर साफ केल्याशिवाय कापू नका.

चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून तो प्लायखाली उलटा बसवायचा, ही स्वस्तातली टेबल सॉ नवशिक्यांसाठी नाहीच. त्याला आपोआप मिटणारं गार्ड नसतं, कापाची फट उघडी ठेवणारी मागची पट्टीही नसते. ११० मिलीचं पातं मिनिटाला १२,००० फेऱ्यांनी फिरलं की दातांचा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होतो. वाचलेले पैसे बोटांपेक्षा मोठे नाहीत.

विजेचंही बघा. १४०० वॅटचं मशीन सहा अँपिअरहून जास्त ओढतं, तेव्हा १६ अँपिअरचं सॉकेट वापरा आणि एक्स्टेंशनची वायर रिळावरून पूर्ण सोडवा, नाहीतर ती गुंडाळीतच तापते. चालू ठेवायचं लॉक दाबलेलं असताना वीज गेली, तर परत आल्यावर मशीन आपोआप फिरू लागू शकतं. भारनियमनाच्या भागात तर ते लॉक वापरूच नका. वीज गेली की आधी प्लग काढा.

डोळ्यांवर गॉगल (नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे), कानांवर मफ, आणि एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली शीट) कापताना एन-९५ मास्क. हातमोजे मात्र नकोत, फिरत्या पात्यात ते हातासकट ओढले जातात. ओढणी, अंगठी, मनगटाचा दोरा, सगळं काढून ठेवा.

एवढं वाचून मशीन खोक्यातच ठेवू नका. आधार नीट असला तर गोल करवत फार समजूतदारपणे चालते. प्लायच्या दुकानातून १२ मिलीचे उरलेले तुकडे आणा, चांगली बाजू खाली ठेवा (दात खालून वर येतात, म्हणून ढलप्या वरच्या बाजूला उडतात), ॲल्युमिनियमची पट्टी दोन क्लॅम्पनी आवळा आणि करवतीचा तळ तिला टेकवत कापा. पट्टीपासून पात्यापर्यंतचं अंतर अशाच एका तुकड्यावर कापून मोजा. आवाज न बदलता, कड न करपता सलग दहा काप निघाले की पूर्ण शीट घ्यायला हरकत नाही. त्या दिवशी प्लाय धरायला एक माणूस सोबत घ्या, आणि काप संपताना त्याने प्लाय वर उचलायचा नाही, हे त्याला आधीच बजावा. बाहेरची कड उचलली की काप पुन्हा मिटतो.