मोगऱ्याला ताक घालण्याआधी कुंडी उलटी करून बघा: कोल्हापूरच्या घरबागेत टाळायच्या चुका

कोल्हापुरात बागेचा नाद लागलेलं माणूस लपत नाही. पंजात मावणार नाही एवढं जास्वंदीचं फूल आलं की निम्मी गल्ली बघून जाते. ब्रह्मकमळ उमलणार असेल त्या रात्री शेजारपाजार गच्चीवर जमतो. आणि कुणाचा मोगरा कळ्यांनी लगडला की पहिला प्रश्न ठरलेला: "काकू, काय घालता हो याला?" काकूही हातचं राखून ठेवत नाहीत. आंबट ताक, चहाचा चोथा, केळीच्या साली, अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण, सगळं सांगतात. मायेनं सांगतात, आणि त्यांच्या कुंडीत ते लागूही पडलेलं असतं.

ही देवाणघेवाण मला मनापासून आवडते. आपल्याकडच्या कितीतरी बागा विकतच्या रोपांवर नाही, मागून आणलेल्या फांद्यांवर उभ्या आहेत. पण रोप आजारी पडलं की हीच सवय आपल्याला भलत्या वाटेनं नेते. काकूंचा उपाय त्यांच्या मातीला आणि त्यांच्या गच्चीवरच्या उन्हाला धरून असतो; आपल्या कुंडीत काय बिघडलंय ते कुणी बघितलेलंच नसतं. पान पिवळं पडतं ते पाणी जास्त झाल्यानं, कमी पडल्यानं, नत्र संपल्यानं, मुळं कुजल्यानं किंवा मुळं किडीनं खाल्ल्यानंही. या सगळ्यांवर ताक हा उतारा नाही.

म्हणून सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो: न बघता काहीतरी घालणं. खत घालायच्या आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. आत ओल किती आहे ते कळेल, आंबूस वास येतोय का तेही कळेल. तरीही उमगलं नाही तर बुंध्याशी हात धरून कुंडी आडवी करा, कडेनं थोपटा आणि मातीचा गड्डा अलगद बाहेर घ्या. मुळं पांढरट आणि टणक असतील तर खाली सगळं ठीक आहे, दोष वर शोधा. तपकिरी, बुळबुळीत असतील आणि चिमटीत धरून ओढल्यावर साल निघून हातात आतली दोरी तेवढी राहत असेल, तर मुळं कुजली आहेत. कडेनं गोल गोल वेटोळी झाली असतील तर रोपाला मोठी कुंडी हवी आहे.

पावसाळ्यातलं पाणी

बागेच्या सल्ल्यांचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या हवेतल्या गावांत केलेले असतात. आपल्याकडे सह्याद्री जवळ. जुलैत आभाळ दिवसेंदिवस उघडत नाही, मग कुंडीतलं पाणी उडून जाणार कसं? रोप मलूल दिसतं, माती ओली असते, आणि तरी आपण तांब्याभर पाणी घालतो. मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती पाणी ओढत नाहीत, आणि पानं तहानलेल्या रोपासारखीच लोंबतात. ओल्या मातीतलं मलूल रोप म्हणजे पाणी थांबवायची खूण.

जून लागला की कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवा. कुंडी दोन विटांवर ठेवा, म्हणजे खालचं भोक मोकळं राहील. ते भोक मातीनं बुजलंय का हे काडी घालून बघा. निम्म्या तक्रारी इथंच मिटतात.

यात सगळ्यात जास्त हाल होतात ते तुळशीचे. आठवडाभर पावसात भिजलेल्या तुळशीला सकाळी पूजेचं पाणी, वर दुधाचा नैवेद्य, दिव्यातलं सांडलेलं तेल. श्रद्धा आहे, ती असावीच. पण पावसाळ्यात पळीभर पाणी पुरतं. दूध वाटीत दाखवावं, दिवा कट्ट्यावर लावावा. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या नाहीत तर रोप सगळी ताकद बियांत घालतं आणि कार्तिकात लग्न लावायच्या वेळी तुळशीची नुसती काडी उरते.

नदीकाठच्या पेठांसाठी एक वेगळी गोष्ट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा अंगणातल्या कुंड्याही बुडाल्या. पूर ओसरल्यावर लगेच खत घालायचा मोह होतो. ते नको. आधी मातीवर बसलेला गाळाचा थर खरवडून काढा, पानं धुवा, कुंडी सावलीत निथळू द्या. नवी पालवी दिसेपर्यंत खत नाही. आणि पुराचं पाणी लागलेली पालेभाजी खाऊ नका.

नुसती काळी माती

पंचगंगेकाठची काळी माती उसाला सोनं आहे. कुंडीत मात्र ती पावसात चिकट गोळा होते आणि एप्रिलात कडा सोडते. मग घातलेलं पाणी कुंडी आणि माती यांच्या फटीतून सरळ खाली जातं, गड्डा आतून कोरडाच राहतो. पन्हाळा, गगनबावड्याच्या बाजूची तांबडी माती कुंडीसाठी बरी. दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग मोकळं काहीतरी: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), जाड वाळू किंवा भाताचा तूस. तूस कच्चा घातला तर त्यात राहिलेले दाणे उगवतात आणि कुजताना तो मातीतलं नत्र खातो. जळका तूस वापरा.

रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाच्या बुडाशी कधी कधी घट्ट चिकणमातीचा गोळा असतो. तो तसाच लावला तर मुळं बाहेर यायलाच तयार होत नाहीत. गोळा बादलीत भिजवून कडेनं हलक्या हातानं मोकळा करा. आणि शेडनेटखाली वाढलेलं रोप आणल्या आणल्या गच्चीच्या उन्हात ठेवू नका. आठवडाभर सकाळचं ऊन, मग पुढे.

कच्चं शेणखत आणि हुमणी

यावर जरा थांबतो, कारण आपल्या जिल्ह्यात हे दुखणं घराघरांत आहे आणि ओळखतात फार थोडे. गावाकडनं कुणीतरी पोतंभर शेणखत आणून देतं. फुकट आणि घरचं, त्यामुळे आपण ते तसंच कुंड्यांत भरतो. गणपतीच्या सुमाराला एखादं गुलाबाचं झाड अचानक माना टाकतं. पाणी आहे, ऊन आहे, पानांवर कीड नाही. धरून हलवलं तर झाड हातात येतं. खाली मुळंच नाहीत.

कुंडी रिकामी केली की सापडते ती: इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पांढरी, जाडसर अळी. डोकं तपकिरी, पुढं तीन जोड्या पाय. हीच हुमणी, जिच्यानं उसाचे फडच्या फड वाळतात. वळवाचे पहिले पाऊस पडले की हिचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात, कडुलिंब-बाभळीवर बसतात, आणि मादी मातीत अंडी घालते. लहानपणी अळी कुजलेलं खाते, मोठी झाली की मुळांवर येते. जुलै ते ऑक्टोबर हा तिचा खादाडपणाचा काळ.

मात्र खतात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते. अळी फरशीवर ठेवा. पाठीवर उताणी होऊन सरसर सरकली तर ती फुलभुंग्याची. ती कुजका पाला खाते, मुळांना हात लावत नाही. तिला परत खताच्या ढिगात सोडा. कुशीवर वळून पडून राहिली, पायांवर जेमतेम चालली, तर हुमणीचा संशय धरा.

उपाय विषापेक्षा हाताचा जास्त आहे. खत चाळून घ्या. सप्टेंबरात संशयास्पद कुंडी ओतून अळ्या वेचा, माती प्लॅस्टिकवर पसरून उन्हात तापवा, भरताना निंबोळी पेंड मिसळा. कृषी सेवा केंद्रात मेटारायझियम या, हुमणीला मारणाऱ्या बुरशीची पावडर मिळते. ती ओलसर मातीत, पाकिटावरच्या प्रमाणानं घालायची. कोरड्या मातीत बुरशी वाढत नाही.

चांगलं खत ओळखायला सोपं आहे. काळं, भुसभुशीत, शेणाचा वास पूर्ण गेलेला. पोत्यात हात घातल्यावर आत ऊब लागली किंवा वैरणीच्या काड्या जशाच्या तशा दिसल्या, तर पोतं आणखी काही महिने बाजूला ठेवा.

फूल येत नाही

मोगरा फुलतो नव्या फुटीवर, हे एक लक्षात ठेवलं की बाकी सोपं. डिसेंबरअखेर ते जानेवारीत पाणी कमी करत आणा, जुनी पानं काढा, फांद्या निम्म्यापर्यंत छाटा, मग खत घालून पाणी वाढवा. उन्हाळ्यात कळ्या येतात. छाटणीच न करणं ही एक चूक. दुसरी, वरचेवर युरिया किंवा शेणाची स्लरी देणं. त्यानं पानं हिरवीगार होतात, कळी येत नाही. आणि पाच-सहा तास ऊन नसेल तर कशाचाच उपयोग नाही, तिथं मोगऱ्याऐवजी दुसरं काही लावा.

शेवंतीची गोष्ट वेगळी आहे, आणि बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते. शेवंतीला कळी धरायला मोठी, अखंड काळोखी रात्र लागते. रस्त्यावरच्या दिव्याखाली किंवा रात्रभर बल्ब जळणाऱ्या गॅलरीत ती नुसती वाढत राहते. दिवाळी आली तरी फूल नाही म्हणून खतं बदलत बसू नका, कुंडी अंधाऱ्या बाजूला हलवा.

गुलाबाला एकदम जोमदार, सरळ फांदी फुटली आणि तिला फूलच येत नाही, अशी तक्रार असते. ती फांदी डोळा भरलेल्या, म्हणजे कलम बांधलेल्या जागेच्या खालून आलीय का बघा. तसं असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या रानटी गुलाबावर कलम केलंय त्याची आहे; बुडापासून काढून टाका, नाहीतर वरचा गुलाब उपाशी मरतो.

मिरचीचा बोकड्या

पानं आकसली की सगळे म्हणतात, बोकड्या आला. पण पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर बहुधा फुलकिडे, म्हणजे रस शोषणारे बारीक थ्रिप्स. कडा खाली वळल्या असतील, देठ लांबले असतील तर कोळी, म्हणजे जाळं विणणारा नव्हे, डोळ्याला जेमतेम दिसणारी कोळीकीड. फुलकिड्यांना निळे चिकट सापळे उपयोगी पडतात. कोळ्यांवर पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा, आणि वाढले तर पाण्यात मिसळणारं गंधक, तेही भर उन्हात नाही. पानं बारीक, पिवळी, गुच्छासारखी झाली आणि रोप खुजं राहिलं, तर तो पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्याला औषध नाही. रोप उपटून लांब टाका.

निंबोळी तेल प्रत्येकाकडे असतं, वापरतात मात्र चुकीचं. तेल सरळ पाण्यात टाकलं तर तरंगतं आणि एकाच पानावर जाऊन बसतं. आधी ५ मिली तेलात थोडा द्रव साबण नीट घोटा, मग लिटरभर पाणी. फवारणी संध्याकाळी करा. दुपारी केली तर पानं भाजतात.

फांदी देता-घेताना

पिठ्या ढेकूण, म्हणजे तो कापसासारखा पांढरा किडा, बहुतेक घरांत शेजारच्या प्रेमातूनच येतो. फांदी देण्याआधी पेरांच्या बेचक्या आणि पानांची पाठ बघा. मातीसकट रोप देण्यापेक्षा फांदी द्या. हुमणी जाण्याचा प्रश्नच मिटला. आणलेलं रोप पंधरा दिवस बाकीच्या कुंड्यांपासून वेगळं ठेवा. आणि कुणाला तुमचा उपाय सांगाल तेव्हा सोबत एवढंही सांगा: माझ्याकडं ऊन किती येतं, माती कुठली आहे, कुठल्या महिन्यात घातलं.

जास्वंदीची फांदी लावायला जुलै-ऑगस्टची हवा चांगली. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे असलेली फांदी घ्या, खालची पानं काढा, दोन डोळे पिशवीतल्या मातीत जाऊ द्या. मग उपटून बघायचं नाही. नवी पानं दिसली म्हणजे मुळं आली असं नसतं. फांदी आपल्या साठ्यावरही पालवते आणि त्या वेळी हलवली तर वाळते. पिशवीच्या भोकातून पांढरी मुळं दिसू लागली की मगच ती कुंडीत हलवा.