स्पेक्युलरचा आकडा लिहिण्याआधी फोटो बघा

नेत्रपेढीत रुजू झाले त्या पहिल्याच महिन्यात एका कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, काउंट मी २७४० लिहिला. काउंट म्हणजे चौरस मिलिमीटरमधल्या पेशींची संख्या; स्पेक्युलर मायक्रोस्कोप या यंत्राने काढलेल्या पेशींच्या फोटोवरून ती मोजतात. वरिष्ठ मॅडमनी फोटो मागितला, खुर्ची ओढून बसल्या आणि त्याच फोटोवर स्वतः ठिपके दिले. आकडा आला २१८०. यंत्राने आपोआप आखलेल्या रेषा मी तशाच मान्य केल्या होत्या. फोटो मोठा केल्यावर दिसलं, अंधुक भागात यंत्राने एकेका पेशीच्या मधून रेघ ओढून दोन-दोन पेशी केल्या होत्या. त्यात मोजलेल्या पेशी जेमतेम २८.

या पेशी एन्डोथेलियमच्या, म्हणजे कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थराच्या. त्या माणसात पुन्हा तयार होत नाहीत. कॉर्नियातलं पाणी उपसून तो पारदर्शक ठेवणं हे त्यांचं काम. प्रौढ माणसात चौरस मिलिमीटरला साधारण २५०० ते ३००० पेशी असतात. दृष्टी परत मिळवण्याच्या प्रत्यारोपणासाठी सहसा २००० च्या वरचा कॉर्निया मागतात. म्हणजे कोणता डोळा कोणाला जाणार, हे तुमच्या आकड्यावर ठरतं.

नव्याने आलेल्यांना मी आधी थांबायला शिकवते. कॉर्निया २ ते ८ अंशांच्या फ्रिजमधून काढला की लगेच यंत्राखाली ठेवू नका. थंड असताना पेशींच्या कडा धूसर दिसतात. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, तासभर तरी. घाई असतेच, फोनही वाजत असतो, तरी हा तास द्याच.

मग सेंटर मेथड. प्रत्येक पेशीच्या मधोमध ठिपका, आणि लगेच तिच्या शेजारणीला. मधली एकही सोडायची नाही. नवीन मुलं ठळक पेशी वेचून ठिपके देतात, तिथेच मोजणी फसते. किमान ५० पेशी हव्यात, १०० झाल्या तर उत्तम. चौकट टाकून मोजत असाल, तर कडेवर कापल्या गेलेल्या पेशी लगतच्या दोनच बाजूंच्या धरा. चारही धरल्या की काउंट फुगतो.

गट्टे (guttae, म्हणजे कॉर्नियाच्या आतल्या बाजूचे बारीक उंचवटे, जे फोटोत काळे डाग दिसतात) असलेल्या फोटोत फार जपा. काळ्या डागांच्या मधल्या चांगल्या पेशी मोजून आकडा देखणा येतो, पण डागांखालच्या जागेचा त्यात हिशेबच नसतो. तिथे नुसता आकडा पाठवू नका. किती पेशी मोजल्या ते लिहा, डाग आहेत हे लिहा आणि सोबत फोटो जोडा.