गिगचे फोटो: फिल्मच्या काळात शिकलेलं

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मी पंक, इंडी आणि तशाच आडवाटेच्या बँडचे फोटो काढायचे, तेही बहुतेक छोट्या क्लबांमधल्या गिगमध्ये, म्हणजे त्यांच्या लाइव्ह कार्यक्रमांत. गुडघाभर उंचीचं स्टेज, डोक्याला टेकेल असं छत आणि उजेड म्हणजे दोन-चार रंगीत दिवे. आज या कामात उतरणाऱ्यांकडे कितीतरी सरस कॅमेरे आहेत. पण अंधार तोच आहे आणि उड्या मारणारे गायकही तसेच आहेत, म्हणून तेव्हा शिकलेलं सांगावंसं वाटतं.

आम्ही ट्राय-एक्स किंवा एचपी5 ही 400 आयएसओची, म्हणजे उजेड टिपण्याच्या तेवढ्या वेगाची, फिल्म 1600ला ‘पुश’ करायचो. म्हणजे दोन स्टॉप कमी एक्स्पोजर (एक चतुर्थांश उजेड) द्यायचं आणि फिल्म डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायची. याने उजळ भाग वर येतो, पण सावलीत जे टिपलंच गेलं नाही ते कितीही वेळ ठेवलं तरी उगवत नाही. 1988 साली कोडॅकची टी-मॅक्स पी3200 आली तेव्हा केवढा आनंद झाला! खरं तर तिचा मूळ वेग 800 ते 1000च्या आसपासच होता, 3200 हा आकडा पुश करूनच मिळायचा. या सगळ्यातून एक सवय लागली: एक्स्पोजर चेहऱ्यासाठी ठरवायचं आणि मागचा अंधार काळा होऊ द्यायचा. काळी पार्श्वभूमी पाहून कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा पांढराफटक करून टाकतो. म्हणून फक्त छोटा भाग मोजणाऱ्या स्पॉट मीटरने गालावरचा उजेड मोजा, मॅन्युअलवर ठेवा आणि दिवे बदलेपर्यंत त्याला हात लावू नका. लाल दिव्याखाली डिजिटल कॅमेऱ्याचा लाल चॅनल, म्हणजे लाल रंगाची नोंद, आधी कमाल मर्यादेला जाऊन फुटतो आणि नाक-डोळे सपाट होतात. तेव्हा तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघत एक्स्पोजर खाली आणा.

आता वेळ साधण्याबद्दल. एसएलआरमध्ये, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, बटण दाबलं की आरसा वर जातो आणि त्या क्षणी व्ह्यूफाइंडर काळा होतो. जो क्षण तुम्ही डोळ्यांनी पाहिलात, तो फिल्मवर नसतो. त्यामुळे क्षण येण्याआधीच बोट हलवावं लागायचं आणि त्यासाठी गाणं कानात मुरलेलं असावं लागायचं. ड्रमरचा रोल संपून कोरस सुरू होतो त्या ठोक्यावर गिटारवाला उडी मारणार, हे दोन गाण्यांत कळतं. उडीच्या माथ्यावर माणूस क्षणभर जवळजवळ स्थिर असतो, तिथे 1/125 सेकंदाचा शटरचा वेग पुरतो. वर जाताना तोच वेग कमी पडतो.

माइकचंही तसंच. समोरून काढलात तर तोंडाच्या जागी काळा गोळा येतो. थोडं बाजूला उभं राहा आणि ओळ संपल्यावर गायक श्वास घेण्यासाठी माइकपासून मागे येतो तेव्हा काढा. ओठ अजून उघडे असतात, चेहऱ्यावर गाणं असतं आणि मध्ये काही नसतं. मला स्वतःला गाताना काढलेल्या फोटोंपेक्षा हे फोटो जास्त जिवंत वाटतात.

फ्लॅशबद्दल दुमत आहे. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या चार्ल्स पीटरसन या फोटोग्राफरने फ्लॅशला संथ शटरची जोड देऊन तिथल्या गर्दीचा घाम आणि धसमुसळेपणा फोटोत उतरवला: फ्लॅश माणसाला गोठवतो, दिवे मात्र रेघा ओढत राहतात. करून बघा, पण बँडला आधी विचारा. आणि धूसर फोटो लगेच फेकू नका. 1979 साली न्यूयॉर्कच्या पॅलेडियममध्ये फोटोग्राफर पेनी स्मिथने ‘द क्लॅश’ या पंक बँडच्या पॉल सिमोननचा बास गिटार आपटतानाचा फोटो काढला. तो फोकसमध्ये नाही म्हणून तिला तो वापरायला नको होता. रॉकमधल्या सर्वांत गाजलेल्या फोटोंत आज तो गणला जातो.

मोठ्या कार्यक्रमांत पहिली तीन गाणी, तीही फ्लॅशशिवाय, आणि मग बाहेर, हा नियम बहुतेक ठिकाणी असतो. क्लबात तसं बंधन सहसा नसे, आणि माझ्या मते नवख्याने शिकायला तिथेच जावं. फक्त एका जागी ठाण मांडून मागच्यांची वाट अडवू नका. कानात इअरप्लग हवेतच. अमेरिकेतल्या नियॉश या कामगार-आरोग्याच्या संस्थेच्या शिफारशीनुसार 100 डेसिबल आवाजात 15 मिनिटं ही दिवसभराची मर्यादा आहे आणि स्पीकरसमोर आपण त्याहून कितीतरी जास्त वेळ असतो.

सगळ्यात कळकळीने सांगते ते पुढचं. त्या बँडपैकी कित्येक एकही रेकॉर्ड न काढता फुटले. त्यांच्या असण्याचा पुरावा म्हणजे कुणाच्या तरी पाकिटातल्या निगेटिव्ह. म्हणून फक्त गायकाला काढू नका. ड्रमर, हाताने लिहिलेली गाण्यांची यादी, भिंतीवरचं पोस्टर, पहिल्या रांगेतले चेहरे, सगळं काढा. त्याच रात्री तारीख, जागा आणि प्रत्येक वादकाचं नाव लिहून ठेवा, डिजिटल असेल तर फाइलच्या मेटाडेटातच (फाइलसोबत साठणाऱ्या माहितीत). निगेटिव्ह असतील तर पीव्हीसीच्या पाकिटांतून काढून पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. व्हिनेगरसारखा वास येऊ लागला असेल तर फिल्मचा अ‍ॅसिटेटचा बेस, म्हणजे खालचं प्लास्टिक, कुजायला लागलाय. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि आधी त्याच स्कॅन करा.